विषय : नावात बदल होणेबाबत

वेल्ह्याच्या तहसील कचेरीबाहेर, चहाच्या टपरीला पाठ लावून, हरीमामांचं पत्र्याचं टेबल असायचं. टेबलावर कोऱ्या कागदांचा गठ्ठा, कार्बन पेपर, दोन निळी पेनं, एक लाल पेन आणि वाऱ्यासाठी तोरण्याच्या वाटेवरून उचललेला एक दगड. पाटी नव्हती. पाटी का लावत नाही असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "वाचता येत असतं तर माणूस माझ्याकडं कशाला आला असता?"

अर्ज लिहिणं हा त्यांचा धंदा. रेशनकार्डात नाव घालायचं असो, शेताची वाट कुणी अडवली असो, लोक आधी हरीमामांकडं येत आणि मग साहेबांकडं. मामांचं एक वचन तालुक्यात म्हणीसारखं झालं होतं : "बोललं तो वारा, लिहिलं तो अर्ज आणि पोच घेतली ते काम." अर्जाची दुसरी प्रत, तिच्यावर शिक्का आणि तारीख, म्हणजे पोच. पोच मिळाल्याशिवाय ते कुणाला कचेरीच्या पायऱ्या उतरू देत नसत. हळूहळू ही सवय कचेरीबाहेरही पसरली. गिरणीत दळण टाकलं की पोच. धाकट्या मुलीच्या लग्नपत्रिका त्यांनी वही घेऊन वाटल्या आणि प्रत्येक घरी 'पत्रिका मिळाली' म्हणून सही घेतली. त्या लग्नात कुणालाही 'आम्हाला बोलावलंच नाही' असं म्हणून रुसता आलं नाही, आणि अशी पंचाईत झालेले काही पाहुणे अजून मामांवर रुसलेले आहेत.

मामा माझ्या आईच्या गावचे, म्हणून मामा. आम्ही भोरला राहणारे. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. वडील जयंतीला, मोर्चाला, निवडणुकीला पत्रकं लिहायचे, आणि उरलेल्या गठ्ठ्यांवर मी अक्षरं गिरवली. 'अ' अन्यायाचा आणि 'आ' आंदोलनाचा, हे मला अननस खाण्याच्या आधी माहीत होतं. त्यामुळं कोंडाआजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या आईच्या, पेन्शनचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा तो मीच लिहिला. चार पानं. सुरुवात हजारो वर्षांच्या शोषणापासून होती आणि आजी तिसऱ्या पानावर येत होती.

मामांनी चारही पानं शांतपणे वाचली. मग म्हणाले, "लई भारी लिवलंय. खटला कुणावर घालायचाय?"

मी म्हटलं, हा अर्ज आहे.

"मग अर्जात रडायचं न्हाई आणि भांडायचंबी न्हाई, संपादकबाई. रडलं की सायेब रुमाल हुडकतो, भांडलं की शिपाई हुडकतो. आपल्याला त्येनं पेन हुडकायला पायजे."

त्यांनी सात ओळी लिहिल्या. पेन्शन मंजूर झाली. माझी चार पानं त्यांनी परत दिली नाहीत. त्यांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पुढं महिनाभर लोकांच्या अर्जांचे कच्चे खर्डे झाले.

तर अशा या माणसाचं पूर्ण नाव हरी सखाराम. स्वतःच्या नावात हरी, बापाच्या नावात राम आणि शर्टाच्या खिशात बावीस प्रतिज्ञांची छोटी पुस्तिका. जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांत पुढं असणारा, देवळाच्या वर्गणीला हात जोडून नाही म्हणणारा हा माणूस सही करताना 'हरी' करायचा. नावबदलाचे अर्ज तर त्यांनी ढिगानं लिहिले होते. प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली जाहिरात, सगळी वाट त्यांना पाठ. त्यांच्या टेबलावर दगडू सिद्धार्थ होऊन उठला, धोंडीबा राहुल झाला, गंगूची गौतमी झाली. पुढं तालुक्याचंसुद्धा नाव बदलून राजगड झालं. फक्त टेबलामागचा हरी हरीच राहिला.

मला हे खटकायचं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मला जे खटकायचं ते छापलं जायचं. त्या वर्षीच्या जयंतीला मी 'नावातली बेडी' नावाचं पत्रक काढलं. त्यात एक वाक्य होतं : 'दुसऱ्यांच्या बेड्या तोडून देणारे काही जाणते स्वतःची बेडी मात्र दागिन्यासारखी मिरवतात!! दिव्याखाली अंधार!!!' नाव लिहिलं नव्हतं. पण तालुक्यात जाणता एक, आणि दिवाही एकच.

तिसऱ्या दिवशी मामा भोरला घरी आले. माझं पत्रक त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. लाल पेनानं शुद्धलेखनाच्या चार चुका दुरुस्त केल्या होत्या आणि सगळी उद्गारचिन्हं खोडली होती. बाजूला दुसरा एक कागद होता, त्यावर लिहिलेलं : 'आपले पत्रक मिळाले. मजकूर समजला. योग्य ती कार्यवाही करीत आहे. हरी.' ती मला मिळालेली पोच होती. मी ओशाळले, पण तोंडानं म्हटलं की लेखकानं सत्य लिहायलाच हवं.

"तर काय," मामा म्हणाले. "म्या रागावलो न्हाई. फक्त चुका काढल्यात."

कार्यवाही काय, ते पुढच्या महिन्यात कळलं. भोर-वेल्ह्यातली आमची काही कुटुंबं मिळून श्रीलंकेत अनुराधपूरला, बोधगयेच्या फांदीपासून वाढलेल्या बोधिवृक्षाच्या दर्शनाला जायचं ठरत होतं. मामांनी जाहीर केलं की तिथं, झाडाखाली, भंतेजींच्या हस्ते ते नवं नाव घेणार. नावही ठरलं होतं : आनंद. त्यासाठी अर्ज लिहिला होता, तीन प्रतींत. 'मा. भंतेजी, बोधिवृक्ष, अनुराधपूर यांचे सेवेशी. विषय : नावात बदल होणेबाबत.' त्यांनी तो विहारात सगळ्यांसमोर वाचून दाखवला. वाचताना माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. त्यामुळं सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.

सहलीची लिखापढी अर्थातच मामांकडं आली. पुण्याच्या एजंटकडं जी सहल होती तिचं नाव 'सूर्य, सागर, संस्कृती'. आमच्या लोकांना संस्कृती हवी होती. सूर्य वेल्ह्यात फुकट होता आणि सागराशी कुणाचं काही काम नव्हतं. मामांनी अर्ज पाठवला, 'विषय : सहलीतून समुद्र वगळणेबाबत'. एजंटचा मला फोन आला. तो फार अदबीनं म्हणाला की मॅडम, समुद्र वगळता येणार नाही, ते बेट आहे.

मी निरोप सांगितला. मामांनी विचार केला आणि म्हणाले, "लेखी द्या म्हणावं."

एजंटनं ते मोबाईलवर लिहून पाठवलं. मामांनी त्याची छापील प्रत काढून फाईलला लावली. फाईलीतलं ते पान मी पाहिलं आहे : 'सदर देश बेट असल्याने समुद्र वगळता येत नाही.'

कापूरहोळच्या फाट्यावर आम्ही सोळा जण मुंबईच्या गाडीत बसलो. बसल्यावर प्रत्येकाकडून 'गाडीत बसलो' अशी सही घेतली गेली. कोंडाआजीनं अंगठा दिला आणि विचारलं, "आरं हरी, परत उतारल्यावर पुसून टाकणार हायेस का ह्यो?"

कोलंबोच्या विमानतळावर निमल नावाचा ड्रायव्हर न्यायला आला होता. काळासावळा, हसरा, पर्यटकांकडून उचललेलं मोडकंतोडकं हिंदी बोलणारा. त्यानं आमच्या पिशव्या गाडीत चढवल्या, दार ओढून बघितलं आणि मान हलवत म्हणाला, "हरी."

मामा पुढं झाले. "बोला."

निमल हसला. "हरी, हरी."

"व्हय, मीच. बोला की."

निमल गाडीत जाऊन बसला. मामा बुचकळ्यात पडले. एजंटनं यादी दिली असेल, पहिलंच नाव आपलं असेल, अशी त्यांनी समजूत काढली. पण पुढच्या चौकातल्या पोलिसाकडं यादी नव्हती. त्यानं गाडी थांबवली, कागद बघितले, परत दिले आणि म्हणाला, हरी. शहाळंवाला म्हणाला, हरी. जेवायला थांबलो तिथली एक बाई फोनवर एका दमात सहा वेळा हरी म्हणाली. दर वेळी मामांची मान वळायची. संध्याकाळपर्यंत ती आखडली आणि आजीनं तिला बाम चोळला.

"तुला हितं बी वळखत्यात व्हय रं?" आजी कौतुकानं म्हणाली. "आन् तू नाव बदलाया निघालायस."

मामांचा चेहरा पडला होता. ज्या नावातून सुटायला माणूस समुद्र ओलांडून आला, ते नाव विमानतळावर त्याला न्यायला आलं होतं. मी तर पेटले होते. बुद्धाच्या देशात पावलोपावली हरिनाम! वही काढून मी मथळासुद्धा लिहिला. मग जेवणाच्या टेबलावर मी निमलला धारेवर धरलं की हे हरी-हरी काय चाललंय.

तो घाबरला. म्हणाला, "मॅडम, हमारा भाषा. हरी मतलब ठीक है. हरी मतलब सही."

मामांनी त्यातला शेवटचा शब्द तेवढा ऐकला. खिशातून पेन काढून म्हणाले, "सही? कुठं करायची?"

तो घोळ निस्तरायला अर्धा तास गेला. हिंदीतलं सही म्हणजे बरोबर, ते सिंहलीत हरी. आणि मराठीतली सही ती ही नव्हे. निस्तरल्यावर मामा बराच वेळ पानावरचा भात चिवडत बसले. मी माझा मथळा फाडला. हे मी स्वतःहून केलं, कुणी सांगितलं नव्हतं, याची नोंद व्हावी.

दुसऱ्या दिवशी वगळता न आलेला समुद्र आला. निळा, स्वच्छ, नारळांच्या रांगेखाली पांढरी वाळू, आणि वाळूवर गोरी माणसं उन्हात आडवी पडलेली. आमच्या बायका पांढऱ्या साड्यांत एका ओळीत उभ्या राहून त्यांच्याकडं बघत होत्या. कोंडाआजीनं निरखून बघितलं आणि म्हणाली, "आमी उनात राबलो तर हजेरी मिळायची. ही हजेरी देऊन उनात पडल्यात." मग तिला त्यातल्या एका म्हातारीची दया आली आणि तिनं आपली छत्री नेऊन तिच्यावर धरली. ती बाई उठली, गोंधळली, छत्रीतून बाहेर सरकली. आजीही सरकली. असं दोघी पाण्यापर्यंत गेल्या.

मामा पायात चपला, अंगात इस्त्रीचा शर्ट आणि छातीशी फाईल धरून वाळूवर बसले होते. उद्या अनुराधपूर. मी शेजारी जाऊन बसले आणि जे आधी विचारायला हवं होतं ते पत्रक छापून झाल्यावर विचारलं : इतकी वर्षं नाव का नाही बदललं?

मामा म्हणाले की कागद कधीचेच तयार होते. त्यांची वाडी तोरण्याच्या अंगाला, अल्याडच्या उतारावर. ते लहानपणी पल्याडच्या उतारावर गुरं राखायचे. मधे खोरं. दिवस कलला की आई या टेकाडावर उभी राहून हाक मारायची. तिनं नाव देवासाठी ठेवलं नव्हतं, खोऱ्यासाठी ठेवलं होतं.

"दोन अक्षरं. दुसरं कितीबी लांबवावं. 'री' पार पल्याडच्या कड्याला लागून परत येती. आता 'आनंद' म्हणून बघ. 'द' आला की हाक बसती."

मी म्हटलं, असं काही नसतं.

मामा उठले. पाण्याकडं तोंड करून, हाताचा कर्णा करून त्यांनी हाक मारली, "आनंऽऽद." आवाज पहिल्या लाटेपर्यंत गेला आणि विरला. ते माझ्याकडं वळले, 'बघितलंस?' अशा चेहऱ्यानं. लांबवर छत्री धरून उभ्या असलेल्या कोंडाआजीनं ते ऐकलं. तिला काय वाटलं कोण जाणे. ती मामांच्या आईला ओळखायची, दोघी एकाच टेकाडावर उभ्या राहून आपापल्या पोरांना हाका मारायच्या. तिनं छत्री खाली ठेवली, कमरेवर हात ठेवला आणि त्या डोंगरातल्या गळ्यानं हाक दिली.

"हऽऽरीऽऽ..."

हाक सगळ्या किनाऱ्यावरून गेली. आडवी पडलेली माणसं उठून बसली. शहाळंवाल्यानं कोयता वर केला आणि ओरडला, "हरी, हरी." होडीवाल्यांनी अंगठे दाखवले. "हरी. हरी. हरी." एक अख्खा समुद्रकिनारा आजीला सांगत होता की ठीक आहे, बरोबर आहे.

मामांनी मात्र फक्त आजीची हाक ऐकली असावी. ते वळले, आणि अर्धं पाऊल पुढंही टाकलं, गुरं मागं घेऊन निघाल्यासारखं. मग भानावर आले आणि चपलेतली वाळू झाडत राहिले. बराच वेळ झाडत राहिले. तेवढी वाळू चपलेत नव्हती.

अनुराधपूरला आम्ही सगळे पांढऱ्या कपड्यांत, अनवाणी, हातात कमळं घेऊन रांगेत होतो. पुढं मागं तिथल्या बायाही पांढऱ्यातच. आजीनं वंदना सुरू केली तशी पुढच्या एका सिंहली बाईनं तीच वंदना उचलली. शब्द तेच, चाल वेगळी. दोघी आपापल्या चालीवर ठाम राहिल्या आणि शेवटी "साधु, साधु, साधु" ला एकदम भेटल्या. "आपलीच हायेत गं," आजी मला म्हणाली, "निस्ती चाल चुकतीया." कुणाची, ते मी विचारलं नाही.

झाडाच्या कट्ट्याजवळ एक म्हातारे भंतेजी बसले होते. मामा त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले आणि दोन्ही हातांनी अर्ज पुढं केला. निमल मधे दुभाषा. आम्ही मागं. मला माझंच पत्रक आठवत होतं आणि त्यातलं एकेक उद्गारचिन्ह टोचत होतं. आतून मला वाटत होतं की हे होऊ नये. पण ज्याच्यावर पत्रक लिहिलं त्याला थांबवायचं कुठल्या तोंडानं?

भंतेजींनी मराठी अर्ज उलटसुलट करून आदरानं बघितला आणि नाव विचारलं.

"हरी," मामा म्हणाले.

भंतेजी म्हणाले, "हरी, हरी," आणि वाट बघत राहिले. मग पुन्हा नाव विचारलं.

"हरी."

भंतेजींनी मान डोलावली. ठीक आहे, पण नाव? असं चार वेळा झालं. शेवटी निमलनं हसू दाबत उलगडा केला, तेव्हा भंतेजी इतके हसले की शेजारच्या लहान भिक्खूला त्यांच्या हातातला पंखा धरावा लागला. मग त्यांनी काही विचारलं. निमलनं सांगितलं, "पूछते हैं, ये नाम किसने दिया?"

"आईनं," मामा म्हणाले. आणि ज्यांनी आयुष्यभर लोकांना अर्जात रडू दिलं नाही, त्यांनाच रडू फुटलं. "लांबनं हाक मारायला."

निमलनं ते कसं सांगितलं माहीत नाही. भंतेजी हसायचे थांबले. मामांनी सवयीनं दुसरी प्रत पुढं केली आणि पोच मागितली. भंतेजींनी पेन घेतलं, अर्जाच्या खाली गोल गोल अक्षरांत एक शब्द लिहिला, तारीख घातली आणि मामांच्या मनगटाला पांढरा दोरा बांधला.

बाहेर आल्यावर मामांनी तो शब्द निमलला वाचायला लावला. निमलनं वाचला. "हरी."

सगळे कागदावर वाकले. म्हणजे अर्ज मंजूर, की नाव कायम? मामांनी कागद लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला, आणि कचेरीबाहेरच्या आयुष्याचा सगळा अनुभव पणाला लावून निकाल दिला : "शेरा मोघम हाय. मोघम शेरा अर्जदाराच्या बाजूनं लावायचा असतो." त्यांनी कागद घडी करून प्रतिज्ञांच्या पुस्तिकेत ठेवला. नावाचा विषय तिथं संपला.

परतीच्या विमानात मी चाचरत विचारलं, मग माझं पत्रक चुकलं का?

"तुझं पत्रक बरोबर हाय," मामा म्हणाले. "माझं नावबी बरोबर हाय. दोन बरोबर एका फाईलीत ऱ्हात्यात. कचेरीत ये, दाखवतो."

त्यानंतर वर्षभरात अर्ज मोबाईलवरून भरले जाऊ लागले. पोच आपोआप येते हे कळल्यावर मामांनी दगड तेवढा घरी नेला, टेबल टपरीवाल्याला दिलं आणि पिंपरीला मुलीकडं राहायला जायचं ठरवलं. जायच्या दिवशी मी त्यांना कापूरहोळला गाठलं. माझ्या हातात नव्या पत्रकाचा कच्चा छाप होता. विषय तोच, नावाचा. पण या वेळी कुणाची बेडी मोजण्याआधी त्याला हाक कोण मारायचं ते विचारा, असं लिहिलं होतं. मामांनी वाचायला घेतलं तेवढ्यात पुण्याची एसटी आली. ते कागद घेऊनच चढले, खिडकीशी बसले आणि लाल पेन काढलं. कंडक्टरनं बेल दिली तेव्हा कागद खिडकीतून माझ्या हातात आला.

तीन उद्गारचिन्हं खोडलेली होती. एक ठेवलं होतं. आणि तळाशी एकच शब्द : हरी.

ही सही होती, की शेरा? विचारायला मान वर केली तर गाडी हायवेला लागली होती. मी रस्त्याच्या मधे जाऊन, आजीसारखा कमरेवर हात ठेवून, गळा काढून हाक मारली. दोन अक्षरं, दुसरं लांबवून. त्याच खिडकीतून पांढरा दोरा बांधलेला एक हात बाहेर आला आणि हलत राहिला.

पोच मिळाली. पत्रक मी तसंच छापलं, तळाच्या शब्दासकट.